‘ह’ ठेवू का काढू?

“गुरुजी, ह ठेवू का काढू?”

उजव्या हाताचं एक बोट कळफलकावर अधांतरी धरून ती हे विचारायची, आणि उत्तर मिळेपर्यंत बोट खाली येत नसे. सांगलीतल्या एका गल्लीत तिची अक्षरजुळणीची खोली होती. एक संगणक, एक प्रिंटर आणि लेखकांसाठी एक बाकडं. आमच्या भागात पुस्तक काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं हे बाकडं झिजवलेलं आहे.

तुम्ही आमच्याकडचे असाल तर तिचा प्रश्न लगेच कळेल. आपण बोलतो ‘आमी-तुमी’ आणि लिहायला बसलो की ‘आम्ही-तुम्ही’. बऱ्याच हस्तलिखितांत दोन्ही एकाच ओळीत नांदत असायचे. दुसरी कुणी असती तर आपल्या मनानं दुरुस्त करून मोकळी झाली असती. ही विचारायची. “दुसऱ्याचं अक्षर हाय, इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई,” असं तिचं म्हणणं. मूळची म्हसवडकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा कुपवाडला कारखान्यात.

मी पलूसजवळच्या एका गावातला शाळामास्तर आणि तिथल्या वाचनालयाचा चिटणीस. आम्ही दरवर्षी स्मरणिका काढतो आणि ती जुळवायला तिच्याकडेच जायचो. एका वर्षी समितीनं ठरवलं की आपल्या भागातल्या दोन लेखकांचा संवाद छापायचा. प्रश्न असा: गावच्या माणसानं कागदावर बोलावं कसं?

त्या दोघांपैकी एक निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या कथांतली माणसं अस्सल गावरान बोलतात. दुसरे पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. घरी ऊस, अंगावर मातीचे कपडे, पण कादंबरीत शुद्ध ‘आम्ही’शिवाय बात नाही. दोघांची दोस्ती जुनी. मग एका कार्यक्रमात प्राध्यापक बोलून गेले की सुभेदारांच्या कादंबरीतला गडी शेतात तण भांगलताना बातम्या वाचल्यासारखा बोलतो. सुभेदारांनी तिथल्या तिथं सुनावलं, तुम्ही शहरातल्यांना हसवायला गावची माणसं उभी करता. तेव्हापासून सहा वर्षं अबोला. संवादाचं विचारलं तर दोघांचा निरोप एकच, तो असेल तर मी नाही.

माझं हे रडगाणं तिनं टाइप करता करता ऐकलं. चार पानं कोरी राहणार होती.

“मी लिवू का?” ती म्हणाली. “दोघांची समदी पुस्तकं ह्या बोटांखालनं गेल्यात.” मग थांबून म्हणाली, “पर लेखावर नाव माझं पायजे, गुरुजी. माझं नाव कायम मागल्या पानाव, बारीक अक्षरात, अक्षरजुळणी म्हणून. एकदा तरी लेखिका म्हणून येऊ दे.”

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी हो म्हटलं, पण दोघांची संमती हवी, हेही सांगावं लागलं. एकानं जरी होकार दिला नाही तर लेख गेला आणि नावही गेलं.

आठवड्यात लेख आला. वाचला आणि परत पहिल्यापासून वाचला. त्यात प्राध्यापक शुद्ध बोलत होते आणि सुभेदार गावरान. मी म्हटलं, ताई, नावं उलटी पडली. ती म्हणाली, “न्हाईत. माझ्यासंगं फोनवर असंच बोलत्यात की दोघं.” विचार केला तर खरंच होतं. इतकी वर्षं आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

लेखाचा शेवट असा होता:

“सुभेदार : आवं सर, माझी आय आमीच म्हणायची. पर कागदावर तिला कोण हसाय नको, म्हणून ह लावला. परगावी जाताना चांगलं लुगडं नेसवत्यात, तसं.

प्राध्यापक : सुभेदार, मी ह काढला, कारण तो लावल्यावर मला माझी आई ओळखूच येईना.”

मी दोघांना प्रती पोचवल्या आणि देवाचं नाव घेऊन बसलो. प्राध्यापकांचा फोन आधी आला. “हे सर्वस्वी अनुचित आहे. मी असा पुस्तकी बोलतो, हा शोध कुणी लावला?” मागून त्यांच्या बायकोचं हसू स्पष्ट ऐकू येत होतं. सुभेदार थेट माझ्या दारात आले. “म्या असा बोलतुया व्हय?” म्हणाले, आणि स्वतःच खो खो हसले. मग खुर्चीवर बसून हळूच म्हणाले, “आयचं तिला कुणी सांगितलं, गुरुजी? म्या तर कुणापाशी बोललो न्हाई.”

नकार मात्र कुणीच दिला नाही. दोघांना मुद्रितं तिच्याच खोलीत तपासायची होती. एकाच वेळी आले. मी तशीच वेळ दिली होती. बाकडं एकच. दोघं त्याच्या दोन टोकांना बसले. मग प्राध्यापकांनी ती आईची ओळ वाचली, चष्मा काढला आणि सुभेदारांच्या गुडघ्यावर हात ठेवला. सुभेदारांनी चहा सांगितला. तिनं विचारलं, ह ठेवू का काढू, तर दोघं एकदमच म्हणाले, तू लिहिलंस तसं. मला इतका आनंद झाला होता की चहात मी बिस्किट सोडून पेन बुडवलं.

शेवटी पहिल्या पानाचं मुद्रित माझ्या हातात आलं. लेखावर ठळक अक्षरांत तिचं नाव. ते इथं सांगत नाही, पण त्यात एक ह आहे. तिच्या शाळेच्या दाखल्यात आहे, दुकानाच्या पाटीवर आहे. या पानावर मात्र तो नव्हता. सगळ्यांच्या चुका काढणारी स्वतःच्या नावात चुकली, म्हणून मी कौतुकानं लाल पेनानं ह घातला.

तिनं ती लाल खूण पाहिली. बोट कळफलकावर अधांतरी. मग म्हणाली,

“ह काढते, गुरुजी.”

त्या दिवशी तिनं विचारलं नाही.

आता त्या खोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आई थकली म्हणून ती म्हसवडला गेली आणि कामं तिथूनच करते. परवा यंदाच्या स्मरणिकेसाठी फोन केला, तो आईनं उचलला. “थांबा हं,” म्हणून म्हातारीनं अंगणात हाक मारली, चांगली खणखणीत. लेखावर छापलेलं ते नाव, अगदी तसंच, बिनहाचं, मी पहिल्यांदा कानांनी ऐकलं.