फळ्यामागचा पाट

पक्षाच्या स्थापनेचा इतिहास सांगायला हल्ली कोणीही उभा राहतो आणि माझं डोकं तडकतं. कोपरीतली पक्षाची पहिली शाखा आमच्या बाहेरच्या खोलीत निघाली, तेव्हा मी शाळेत होते. हिंदूंचं राज्य कसं आणायचं यावर बाबा आणि त्यांचे मित्र घसा फोडून बोलायचे, आणि आई आत स्टोव्हला पिन मारत पुन्हा चहा टाकायची. राज्य येईल तेव्हा येईल, आधी नळाला पाणी आणा, असं ती तिथूनच सुनवायची. ते कुठल्याच भाषणात येत नाही.

शाखा म्हटली की दाराबाहेर फळा हवा. रोजचा निरोप त्यावर खडूने लिहायचा, येणारे-जाणारे थांबून वाचायचे. फळा कुठून आणणार? बाबांनी आईचा लग्नातला पाट उचलला, पितळी फुलं जडवलेली बाजू भिंतीकडे केली आणि मागच्या बाजूला काळा रंग फासला.

"आठवडाभर दे फक्त," म्हणाले.

तो आठवडा काही संपला नाही. शाखा आमच्या खोलीतून टपरीत आणि टपरीतून पक्क्या ऑफिसात गेली, पाटही तिच्यामागे गेला. पुढे आम्ही डोंबिवलीला मानपाड्यात राहायला आलो. बाबा गेले. पक्षात भांडणं होऊन त्याचेही दोन गट झाले.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि आईने एकच हट्ट धरला. नातीला माझ्याच पाटावर बसवायची. बाकी दागिने, साड्या, जेवण, कशातच तिने तोंड घातलं नाही.

मी कोपरीत गेले. एका गटाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्याचा शाखाप्रमुख माझ्यापेक्षा कितीतरी लहान. तो मलाच समजावायला लागला.

"ताई, तो पाट नाय राहिला आता. पक्षाचा पहिला फळा आहे तो. ज्याच्याकडे फळा, तोच ओरिजिनल. वर्धापनदिनाला आजींना घेऊन या ना, सत्कार करू. मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय ते मला कळतं. तरी गेलो. आईने ठेवणीतली साडी नेसली आणि पाट गुंडाळून आणायला एक जुनी चादर घडी घालून बरोबर घेतली.

माजिवड्याच्या हॉलमध्ये वक्ता रंगात आला होता. म्हणे, संस्थापकांनी वडाखाली शपथ घेतली, आणि एका सुताराने रात्रभर जागून हा फळा घडवला. कसला वड आणि कसला सुतार! मी उठतच होते, पण आईने माझा हात दाबून धरला.

"ओरडू नकोस. आधी पाट मिळू दे."

शाल-श्रीफळ झालं आणि आईने सरळ माइक ओढला.

"माझ्या नातीचं लग्न आहे. माझा पाट दे रे, बाळा."

समोर सगळ्यांचे मोबाइल वर झालेले. शाखाप्रमुखाला नाही म्हणता येईना. "घेऊन जा आजी, तुमचाच आहे!" तो म्हणाला आणि काचेच्या पेटीतून पाट काढून त्याने तिच्या हातात ठेवला. टाळ्या पडल्या. मला तर रडूच आलं.

आईने पाट उलटा करून पितळी फुलांवरून बोटं फिरवली. मग पुन्हा सुलटा केला. काळा रंग कधीच गेला होता. त्या जागी भगवा रंग, त्यावर मोठा सोनेरी ॐ, आणि ॐला रोज वाहिलेल्या हळदकुंकवाचे थर.

"ह्यावर पोर कशी बसवू?" ती हळूच मला म्हणाली.

"घरी जाऊन खरवडून काढू."

"देवाला खरवडतेस?"

"मग फुलं वर करून मांडू."

"म्हणजे ॐ जमिनीला, आणि त्याच्यावर ती?"

आईने पाट कपाळाला लावला आणि शाखाप्रमुखाला परत दिला. सगळ्यांना वाटलं, आजींनी पाट पक्षाला अर्पण केला. सगळा हॉल उभा राहून घोषणा देऊ लागला. शाखाप्रमुख तर तिच्या पायाच पडला.

परतीच्या रिक्षात चादरीची घडी तिच्या मांडीवर तशीच होती.

"त्यांच्याशी भांडले असते गं," ती म्हणाली. "आता देवाशी कशी भांडू?"