म्हैस नकाशात येत नाही

असले किस्से जमवावे लागत नाहीत. चार जणांनी ‘नको’ म्हटलेलं एखादं काम हातात घ्या, आपोआप साठतात! आमच्याकडे पोतंभर आहेत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही तिघं कॉलेजातले दोस्त. दत्तू थेरगावचा, जुन्या शेतकरी घरातला. विलास कॉलेज सोडून एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात अप्रेंटिस लागलेला. आणि मी मंदा, दापोडीच्या बौद्ध वस्तीतली. वडील फिटर.

नव्या रस्त्यांचा प्लॅन आलाय असं कळलं, म्हणून सरकारी ऑफिसात बघायला गेलो. दत्तूच्या आळीच्या जागी नुसता पांढरा कागद!

“ती रिकामी जागा आहे,” साहेब म्हणाले.

दत्तू उसळला. “रिकामी कशी? आमची म्हस बांधलीय तिथं!”

“म्हैस नकाशात येत नाही.”

विलास शांतपणे म्हणाला, “मग आम्ही आणतो.”

झालं! दर रविवारी तिघं हिंडायला लागलो. झाडं, विहिरी, देवळं, तालमी, विहार, दर्गे. साहेबांना जे जे दिसलं नव्हतं ते सगळं कागदावर.

*

पहिल्याच रविवारी विलासचा टेप वडाच्या बुंध्याला पुरेना. दत्तूच्या आईनं दोरीवर वाळत घातलेलं नऊवारी लुगडं ओढून दिलं. आम्ही वडाला गुंडाळलं, तर तेही कमी पडलं.

आई कमरेवर हात ठेवून वडाकडे बघत राहिली. “मला पुरतंय की! ह्यालाच कसं पुरंना? लई माजलाय मेला!”

*

देवळाच्या पारावर मी पाय ठेवला तर गावातले एक आबा काठी आपटत आले. “ही पोरगी कुठली?”

“दापोडीची,” मी म्हणाले. वस्तीचं नावही सांगितलं. लपवायचं काय त्यात?

“मग खाली उतर. पारावर न्हाई चढायचं.”

मी उतरले नाही. “आबा, मी उतरले तर नकाशात देऊळ येणार नाही. विचार करा.”

दत्तू पारासमोर मातीत फतकल मारून बसला. “मंदा उतरली, तर आमचंबी काम बंद!”

आबा चिडून काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या घरातून बायकोचा आवाज आला, “पोरी, तू माप गं! ह्यांना कोण इचारतंय?”

मी मापलं. पुढच्या रविवारी आबा स्वतः समोर हजर. म्हटलं, आता काय? तर हळूच विचारतात, “पोरी, कळस काढलास ना नीट?”

*

देहूरोडला जांभळाची झाडं मोजत मोजत आम्ही लष्कराच्या गेटाजवळ कधी पोचलो, कळलंच नाही. हातात नकाशा! जवानानं धरून आत नेलं. एका सुभेदारानं कागद उलटासुलटा करून पाहिला.

“ये क्या है?”

“जामुन का पेड, साब.”

“और ये?”

“वो भी जामुन.”

“और ये सब?”

“साब... जामुन.”

दुपार तिथंच गेली. शेवटी सुभेदार वैतागून म्हणाले, “हमारे गेट पे इतना बडा नीम है, वो क्यों नहीं लिखा?”

विलास ताठ उभा राहिला. “साब, वो सीक्रेट है!”

चहा पाजून सोडलं राव!

*

खरी लढाई माझ्या घरात झाली. आमचा विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची खोली आणि पुढं बाबांनी वस्तीतल्या लोकांबरोबर लावलेला पिंपळ. नवा रस्ता नेमका तिथूनच जाणार होता. मी नकाशात विहार काढायला बसले तर बाबांनी पेन्सिल धरली.

“नको. दिसला की पाडतील.”

“नाही दिसला तरी पाडतील, बाबा. आणि मग म्हणतील, इथं काही नव्हतंच.”

बाबांनी कागदावरच्या रस्त्याच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग पेन्सिल माझ्या हातात परत दिली. “पिंपळ मोठा काढ.”

नकाशा ऑफिसात घेऊन गेलो तर, “शिक्का नाही, चालणार नाही!” मग त्यांच्याच बाहेरच्या भिंतीवर चिकटवला. शिपायानं फाडला की विलास नवी प्रत काढायचा आणि आम्ही पुन्हा लावायचो. बघायला गर्दी जमायची, आणि गर्दी आत जाऊन साहेबांना जाब विचारायची. रस्ता झालाच, विहाराची पत्र्याची खोलीही गेली. पण रस्ता पिंपळाला वळसा घालून गेला, आणि बाबांनी त्याच पिंपळामागं पक्का विहार उभा केलेला मी पाहिला.

*

आता शेवटचा. दत्तूच्या गावची जमीन कारखान्यात गेली, भोवती भिंत आली. शेंदराचा म्हसोबा आत राहिला, गाव बाहेर. नकाशासाठी आम्ही मॅनेजरला आत सोडायची विनंती केली, तर म्हणाले, “आत असलं काही नाही.”

दत्तूच्या आईनं हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी नारळ, हळदकुंकू घेऊन तरातरा निघाली, मागून आम्ही तिघं. शिफ्ट सुटत होती. कामगार डबे हातात घेऊन गेटातच थांबले. कुणी बाहेर पडेना, कुणी गेट लावू देईना.

नवा वॉचमन आडवा आला. “मावशी, पास कुठाय?”

“म्या लगीन होऊन आले तवा पयला नारळ ह्या म्हसोबाला फोडला,” आई म्हणाली. “तवा ना ही भिंत व्हती, ना तू. तुझा पास दाव!”

आणि वॉचमननं खरंच खिशात हात घातला!