किसनचा अर्धा फेरा

किसन गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या बाजारात होतो, त्यानेच आणायला सांगितलेले बोल्ट घेत. सकाळी चहा पिताना त्याच्या छातीत कळ आली, एवढंच. दुकानदाराला म्हटलं, राहू दे... आणि मग घेऊनच निघालो. किसनला बोल्ट लागायचेच.

रिठदला आमची शेतं बांधाला बांध लागून. झाडं कापायची पेट्रोलवरची मशीन गावात त्याच्याकडेच, आणि ती निम्मा काळ खोलून पडलेली, कारण किसनला आवळायचं वेड. बोल्ट बसला तरी वर अर्धा फेरा हवाच. मशीनची बॉडी मऊ धातूची. आतले आटे झिजून जायचे आणि बोल्ट नुसता गरगर फिरायचा. घरातही तेच. नळ, कुकर, लोणच्याची बरणी... सुमनवहिनी बरणी घेऊन आमच्या ओसरीवर यायच्या, मलाही ती दाद द्यायची नाही. शेवटी तोच हसत उघडायचा आणि पुन्हा तशीच लावायचा.

मागच्या वर्षी वादळात त्याच्याच गोठ्यावर बाभूळ पडली. आत गाभण म्हैस अडकलेली. मशीन सुरू केली तर पातं डुगडुगायला लागलं. ते धरणाऱ्या बोल्टचे आटे गेलेले. म्हैस रेकत होती, वहिनी त्याचा उद्धार करत होत्या. किसनने मशीन बाजेवर ठेवली, भोक जरा मोठं केलं, टॅप फिरवून नवे आटे पाडले, त्यात तारेची बारीक स्प्रिंग बसवली. आता जुना बोल्ट त्या स्प्रिंगमध्ये धरणार. हे काम तो फार सुरेख करायचा. इतक्यांदा बिघडवल्यावर येणारच. बोल्ट बसला. त्याचं मनगट सवयीने पुढे निघालं... आणि त्याने पाना माझ्यापुढे धरला.

"तू आवळ गड्या. माहा हात थांबत नाई."

म्हैस सुखरूप निघाली, पुढे व्याली. खरवस आमच्याकडे आला, पण डब्याचं झाकण बायकोला उलथन्याने उचकटावं लागलं. ते आठवून अजून हसू येतं आणि त्याची फार आठवण येते.

परवा वहिनींकडे जेवायला थांबलो. त्यांनी फळीवरची लोणच्याची बरणी काढली. झाकण त्यानेच लावलेलं. त्यांना ते निघेना, म्हणून बरणी माझ्याकडे दिली. मी जोर केला आणि नवल म्हणजे झाकण किंचित सरकलं. वहिनींनी पटकन बरणी माझ्या हातातून घेतली.

"राहू द्या भाऊजी. त्यायनं लावलं हाये."

आणि पदराने धरून झाकण होतं तसं आवळलं... वर आणखी अर्धा फेरा.