बहुमताने माझ्याच खोलीत

वाचनमंडळातल्या मित्रांनो, हा कागद आपल्यातच फिरवा. आज सकाळीच घडलेले लिहितो आहे.

आमच्या गिरगावच्या चाळीतल्या सखारामाला प्लेग झाला आहे. जांघेत गाठ आली आहे. घरोघर रोगी शोधणारे सरकारी तपासणीवाले यायच्या आत सगळे चौकात जमले. मी शाळा फारशी पाहिलेली नाही, पण या रोगावर मिळेल तेवढे वाचले आहे. त्याला इस्पितळात पाठवा, लपवलात तर रोग आणखी घरांत जाईल, असे परोपरीने सांगितले.

"तात्या कसे पुस्तकासारखे बोलतात!" शेजारच्या काकू म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग मत घेतले. लपवायच्या बाजूने माझा सोडून सगळे हात वर, त्यांत माझ्या बायकोचाही.

"इस्पितळातून परत कोण आलंय हो?" तिने विचारले.

"पण ठेवायचा कुठे?" कुणीतरी म्हणाले.

"तात्यांकडेच! तपासणीचा डॉक्टर त्यांना मानतो, त्यांच्या खोलीत डोकावतसुद्धा नाही," काकू म्हणाल्या.

खरेच, तपासणी आली तेव्हा डॉक्टर माझ्या दारातूनच नमस्कार करून पुढे गेला. चाळभराचे डोळे माझ्यावर होते. मीही हात जोडून त्याला जाऊ दिले.

आता पडद्यामागे सखाराम कण्हतो आहे आणि बायको त्याला पाणी पाजते आहे.

मित्रांनो, तुम्हीही मला जाणता म्हणता. खरे सांगा, तुमच्यापैकी कितींचा हात खाली राहिला असता?