गाडीखालचे पाय

आणीबाणीच्या सुमारास मी रोज अड्याळहून एस.टी.नं कोंढ्याच्या शाळेत शिकवायला जायचो. थांब्यामागच्या अंगणात एक गृहस्थ केवळ हौसेपोटी इंग्रजांच्या काळातली मोटार दुरुस्त करत. मला मात्र दिसायचे ते त्यांचे गाडीखालून बाहेर आलेले पायच. जॅकवर त्यांचा भरवसा नव्हता. शेजारी मोडक्या हातमागाचा जाड लाकडी ओंडका लावल्याशिवाय ते खाली शिरत नसत.

"गुरुजी, एस्टी येईपर्यंत माह्यासंग बोलत राहा जी," ते म्हणत.

"कशाला?"

"दबलेला मानूस वरडत नाही जी, चूप होते. मी चूप झालो का लोकायले बोलवा."

म्हणून मी रोज काहीबाही विचारायचो, नि खालून उत्तर आलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

एका सकाळी जॅक निसटला. गाडी धाडकन त्या ओंडक्यावर बसली. धूळ उडाली. ते पाय हलेनात. लोकांना हाक मारायला मी तोंड उघडलं, पण घशातून आवाजच फुटेना. किती वेळ तसाच उभा होतो, कोण जाणे.

मग गाडीखालून बारीक आवाज आला, "गुरुजी, तुमी काहून चूप झाले जी?"