मी लिहिलेला ठराव

माझा स्वभाव तापट आहे आणि अक्षर चांगलं आहे. युनियनमध्ये या दोन गोष्टी एका माणसात सापडल्या की त्याला सेक्रेटरी करतात. खडकीच्या बाजूला असलेल्या आमच्या कारखान्यात दोन युनियन होत्या, लाल झेंड्याची आमची आणि भगव्याची त्यांची. त्यांचा सेक्रेटरी माझ्याच सेक्शनला, शेजारच्या लेथवर.

सेक्शन बंद करून सगळ्यांना परराज्यात पाठवायचं घाटत होतं, तेव्हा दोन्ही युनियननी मिळून संप केला. गेटवर आम्ही दोघं एकाच सतरंजीवर बसायचो. आधी कुणाची घोषणा, यातच पहिल्या दिवशी तासभर गेला. शेवटी तो म्हणाला, "तू माझी दे, मी तुझी देतो." माझी घोषणा देताना त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा. माझाही होत असणार. पण त्याच्या डब्यातली थालीपीठं मी तीन आठवडे खाल्ली आणि तितकं सुखाचं जेवण मला पुन्हा मिळालं नाही.

संप जिंकला आणि सगळा घोळ झाला. विजयसभेत कुणाचा झेंडा उंच यावरून चक्क बांबू मोजले गेले. मग तो म्हणाला, आधी देश, मग कामगार. मी म्हणालो, कामगाराशिवाय देश म्हणजे काय, नुसता नकाशा? वाक्य मला इतकं आवडलं की सूचनाफलकावर लावलं. त्याने खाली लिहिलं, 'नकाशा आधी सरळ धरायला शिका.' दोन लेथमध्ये सहा फूट अंतर, पण पुढची दोन वर्षं आम्ही फलकावरच बोललो.

मग मी तो ठराव लिहिला. 'विरोधी युनियनच्या कोणत्याही समारंभात आपल्या सभासदाने सहभागी होऊ नये.' 'कोणत्याही'खाली दोनदा रेघ मारली. सगळ्यांनी हात वर करून मंजूर केला.

चारच दिवसांत कळलं, महिनाअखेर तो रिटायर होतोय. आमच्याकडची रीत अशी की शेवटच्या दिवशी रिटायर होणाऱ्याच्या युनियनतर्फे गेटवर हार, गुलाल, ताशा आणि मग त्याच्या सर्वांत जुन्या सोबत्याने गाडीत शेजारी बसून त्याला घरी पोचवायचं, घरच्यांच्या हवाली करायचं. सर्वांत जुना सोबती मीच. आमचा खजिनदार म्हणाला, "अहो, एका दिवसापुरता ठराव बाजूला ठेवू या की." मी गरजलो, "तत्त्व म्हणजे काय रेनकोट आहे, ऊन पडलं की काढून ठेवायला?" हेही वाक्य मला फार आवडलं.

त्या दुपारी मी स्टोअर्सच्या वरच्या खिडकीतून बघत होतो. माझी अख्खी युनियन गुलालात नाचत होती. खजिनदार तर ताशा बडवत होता. ठराव पाळणारा सबंध कारखान्यात एकच शहाणा, मी. तो गाडीत बसला, पुन्हा उतरला आणि सेक्शनच्या दिशेने बघत उभा राहिला. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तर त्याने हातानेच थांब म्हणून सांगितलं. जिना उतरून गेटवर जायला दोन मिनिटं लागतात. माझे पाय हलले नाहीत. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा राग जास्त येत होता. त्याचा नाही, माझाच. शेवटी त्याच्या शेजारी खजिनदार बसला आणि गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पेढे घेऊन वारज्याला त्याच्या घरी गेलो. त्यानेच दार उघडलं. "या, बसा," म्हणाला.

"काल चुकलो मी," मी म्हणालो.

"छे हो, ठराव होता ना," म्हणत तो पाणी आणायला वळला. मी त्याच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता.

त्याच्या बायकोने ट्रेमधून चहा आणला, कपाखाली बश्या, चिवड्यात चमचा. त्याने माझ्या बायकोची, मुलाची, माझ्या गुडघ्याची आस्थेने चौकशी केली. हा माणूस भांडत का नाही, म्हणून मी कासावीस झालो. मुद्दाम सरकारचा विषय काढला, त्याच्या पक्षाला चार शब्द सुनावले. पूर्वी एवढ्यावर त्याने सतरंजी डोक्यावर घेतली असती.

तो हसला आणि म्हणाला, "असेल हो, तुमचंही बरोबर असेल. पेढा घ्या."