गायकवाड मिस्त्री आणि मोडलेले स्टड

मोडलेला स्टड एकटा कधी येत नाही. तो कुणी, कसा मोडला याची गोष्ट सोबत येतेच. स्टड म्हणजे इंजिनात घट्ट बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट. कारखाना बंद पडल्यावर चाळिशीत मी बिबवेवाडीत गायकवाड मिस्त्रींच्या गॅरेजात लागलो, आणि अशा गोष्टींचा ढीग साठत गेला.

*

मार्केट यार्डातला एक टेम्पोवाला आला. मागे टोमॅटो भरलेले, आणि सायलेन्सरचा स्टड गंजून जाम. मिस्त्रींनी स्टड तापवला, त्याला मेणबत्ती टेकवली. मेण आत झिरपलं. मग ते चहा घेऊन बसले.

"अहो, काहीतरी करा ना!"

"करतोय. थांबतोय."

चहा संपला. स्टड अलगद फिरला.

*

वाघोलीहून एक सॉफ्टवेअर इंजिनिअर स्कूटर घेऊन आला. वडील गेल्यावर त्यांची बंद स्कूटर नेटवर बघून स्वतःच खोलत होता, त्यात स्टड मोडला.

"किती जोर लावलात?"

"फुल."

"जोर लावून झाला. आता डोकं लावू."

संध्याकाळी स्कूटर दुसऱ्या किकला सुरू झाली. तो हँडल धरून नुसताच उभा राहिला. मिस्त्री मला म्हणाले, "चला, आपण जरा आत जाऊ."

*

माझाही पराक्रम सांगतो. एका जीपच्या मोडक्या स्टडमध्ये भोक पाडून मी तो उपसायचा एक्स्ट्रॅक्टर घातला, आणि तोही आतच मोडला. ते पोलाद इतकं कडक की ड्रिलही लागेना. मला वाटलं, ही नोकरीही गेली.

जीपचा मालक आल्यावर मिस्त्री म्हणाले, "माझ्या हातून मोडला. उद्या या."

मग वर नट वेल्ड करून ते फिरवत बसले. तीनदा वेल्ड सुटलं, चौथ्यांदा स्टड हलला. मला ते एक शब्द बोलले नाहीत. आज माझं स्वतःचं गॅरेज आहे, ते त्या न बोललेल्या शब्दामुळे.

*

मिस्त्रींच्या मोडलेल्या पायात स्क्रूंनी स्टीलची पट्टी बसवली होती. दोन वर्षांनी ती काढायचं ऑपरेशन होतं. पुढचं डॉक्टरांनीच बाहेर येऊन आम्हाला सांगितलं.

कमरेखाली भूल दिलेली, मिस्त्री जागे. शेवटचा स्क्रू हाडात जाम झालेला. डॉक्टर असिस्टंटला म्हणाले, "फिरतच नाहीये."

पडद्यापलीकडून आवाज आला, "डॉक्टर, आधी केसभर आवळा. मग सोडवा."

डॉक्टरांनी तसंच केलं. स्क्रू निघाला. ते पडद्यावरून वाकून म्हणाले, "अजून काही सूचना?"

"नाही. हात चांगला आहे तुमचा."